कल्याणच्या सुभेदाराची सून

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. आबाजी सोनदेवांनी कल्याणचा खजिना लुटला आणि लुटीबरोबर सुभेदाराची देखणी सून महाराजांपुढे उभी केली. महाराजांनी तिच्यात आई पाहिली आणि साडीचोळी देऊन तिची सन्मानाने पाठवणी केली. मीही ही गोष्ट शाळेत ऐकली. पुढे गणेशोत्सवाच्या देखाव्यांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत ती पुन:पुन्हा पाहिली.

पण श्रोतेहो, महाराजांच्या काळच्या एकाही साधनात ही गोष्ट नाही. महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बखर लिहिली. तिच्यातही ही सून भेटत नाही. ती भेटते पुष्कळ नंतरच्या बखरींत. तिथून ती कीर्तनात आली, नाटकात आली, चित्रांत आली. प्रत्येकाने आपल्या आधीच्यावर भरवसा ठेवला. मूळ कागद कोणी मागितला नाही. मागणार तरी कशाला? गोष्टीतला राजा आपल्या मनातल्या राजासारखाच होता. मग गोष्टीवर शंका घेणे म्हणजे महाराजांच्या चारित्र्यावर शंका घेणे, असे होऊन बसले. आवडता समज असा पक्का होतो.

वास्तविक महाराजांच्या थोरवीला या गोष्टीचा टेकू लागतच नाही. लष्कराबरोबर बायको, बटीक नसावी, परमुलखात बायकामुले धरू नयेत, हे त्यांचे नियम सभासदाने नोंदवले आहेत. खाफीखान तर मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, महाराजांना दूषणे देणारा. पण मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावायचा नाही, असा त्यांचा सक्त दंडक होता, हे त्यानेही लिहून ठेवले. शत्रूची ही साक्ष आपल्या पोरांना कोण सांगतो? एका सुनेला परत पाठवणे ही एका दिवसाची उदारता झाली. नियमाने मात्र नावगाव ठाऊक नसलेल्या कितीतरी बायकांना अभय दिले.

या गोष्टीने कल्याणचेही नुकसान केले. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि महाराजांना खाडीतून समुद्राची वाट मिळाली. कल्याण, भिवंडी आणि पनवेलला शिवाजी जहाजे बांधवतो आहे, अशी खबर 1659 च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात आहे. मराठी आरमाराची सुरुवात आपल्या खाडीत झाली! रोज दुर्गाडीवरून जाणाऱ्या कल्याणकराला विचारा, इथे काय घडले? बहुधा सुनेचीच गोष्ट ऐकायला मिळेल.

मग ही गोष्ट मुलांना सांगायचीच नाही का? जरूर सांगावी, पण दंतकथा म्हणून. आणि तिच्यामागोमाग सभासदाने नोंदवलेला नियम, खाफीखानाची साक्ष आणि खाडीतली जहाजे यांचीही हकीकत सांगावी. मुलांना ती कमी आवडेल, असे मला वाटत नाही.