वीर्याची चव, वास आणि रंग: नेहमीचे काय, तपासायचे काय?

वीर्याची चव किंवा वास बदलला ही तक्रार कोणी थेट सांगत नाही. पुरुष "अशक्तपणा वाटतो", "धातू जाते" असे म्हणतात आणि चिठ्ठी घेऊन उठताना हळूच खरा प्रश्न विचारतात. बायका बहुधा विचारतच नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जोडप्यांना पडणाऱ्या या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र देत आहे.

वीर्यात काय असते?

एका वेळी साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर एक छोटा चमचा वीर्य बाहेर येते. त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो. सुमारे दोन तृतीयांश द्रव शुक्राशयातून येतो आणि त्यात फ्रुक्टोज ही साखर असते. उरलेला बहुतेक भाग प्रोस्टेट ग्रंथीतला. त्यात जस्त, सायट्रिक आम्ल आणि स्पर्मीन नावाचा पदार्थ असतो.

वीर्य किंचित अल्कधर्मी असते, त्याचा सामू ७.२ ते ८ च्या आसपास. त्यामुळे चव खारट, थोडी कडवट आणि कधी किंचित गोडसर लागते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्याला येतो तसा हलका वास स्पर्मीनमुळे येतो. हे सगळे नैसर्गिक आहे. वीर्य आधी घट्ट असते आणि १५ ते ३० मिनिटांत पातळ होते, म्हणून "पातळ झाले" या काळजीला बहुतेक वेळा आधार नसतो. रक्ताच्या अमुक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, हा समजही चुकीचा आहे.

जेवणाने चव बदलते का?

थोडाफार फरक पडू शकतो. लसूण, कांदा, मेथी यांचा वास घामाला आणि लघवीला येतो हे आपण अनुभवतो. तसाच तो शरीरातल्या इतर स्रावांतही उतरू शकतो. पण अननस खाल्ल्याने वीर्य गोड होते, याला शास्त्रीय पुरावा नाही. त्यासाठी विकली जाणारी चूर्णे आणि कॅप्सूल घेऊ नका. पैसे जातात, आणि अशा काही औषधांत न सांगितलेली रसायने मिसळलेली असतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेंदूपत्ता तोडणीला किंवा शेतात दिवसभर राबणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडले की लघवी गडद आणि उग्र होते. लघवीच्याच मार्गाने वीर्य बाहेर येते, म्हणून त्यालाही तो वास लागू शकतो. भरपूर पाणी पिणे आणि संबंधाआधी लघवी करून अंग धुणे, एवढ्याने पुष्कळदा प्रश्न सुटतो.

खर्रा, बिडी आणि दारू

तंबाखूतले निकोटीन वीर्यातही सापडते. चवीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तंबाखूमुळे शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी होते. जास्त दारूने पुरुषी संप्रेरक घटते, मग ती मोहाची असो की बाटलीतली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी चोरून मिळणारी दारू शरीराला तेवढीच घातक.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडाची चवच बिघडते, तिखट सोसत नाही, तोंड पुरते उघडत नाही. बायकाही खर्रा खातात, गुडाखू घासतात. कधी वीर्य तेच असते, चव घेणारे तोंड बदललेले असते. तोंडात फोड किंवा जखम असेल तर मुखमैथुनातून संसर्ग होण्याचा धोकाही वाढतो.

नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. खर्रा सोडल्याचा फायदा आठवड्यात शोधू नका, तीन महिने थांबा.

आजार आणि औषधे

• पिवळसर रंग: बरेच दिवस वीर्य बाहेर पडले नसेल किंवा त्यात लघवी मिसळली असेल तर असा रंग येतो. कावीळ आणि संसर्ग हीसुद्धा कारणे आहेत.
• हिरवट-पिवळे, कुजका वास, लघवीला जळजळ: प्रोस्टेट किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, गुप्तरोग.
• लाल किंवा तपकिरी: वीर्यात रक्त. चाळिशीच्या आत बहुधा आपोआप थांबते. चाळिशीनंतर किंवा पुन्हा पुन्हा झाल्यास प्रोस्टेट, रक्तदाब आणि क्षयरोग तपासावा लागतो.
• नारिंगी: क्षयरोगाच्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी, घाम, अश्रू आणि वीर्य नारिंगी होते. यात धोका नाही. घाबरून गोळ्या सोडू नका.
• वीर्य फारच कमी किंवा येतच नाही: जुन्या मधुमेहात ते उलट मूत्राशयात जाऊ शकते. साखर तपासा.

वास नेमका कोणाचा?

संबंधानंतर माशासारखा वास आला की दोष नवऱ्याला दिला जातो. खरे तर योनीमार्गात जंतुदोष असेल तर अल्कधर्मी वीर्याशी संपर्क येताच तो वास उफाळतो. अशा तक्रारी अंगावर काढण्याची सवय जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, पण आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. म्हणून दोघांनीही तपासून घ्यावे. गुप्तरोग निघाला तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचे, नाहीतर आजार एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो.

वीर्य गिळले तर?

जोडीदाराला संसर्ग नसेल तर अपाय होत नाही. त्यातून ताकदही मिळत नाही आणि गर्भही राहत नाही. संसर्ग असेल तर गोनोरिया, सिफिलिस, कावीळ-बी पसरू शकतात. एचआयव्हीचा धोका कमी असतो, पण शून्य नाही. अशा वेळी निरोध वापरा. आणि चव नकोशी वाटत असेल तर "नको" म्हणणे पुरेसे आहे. त्यासाठी कारण सांगावे लागत नाही, जबरदस्ती तर कोणीच करू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• दुर्गंधी किंवा रंगातला बदल दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर
• वीर्यात रक्त, लिंगातून पू, जखम, जांघेत गाठ
• ताप, वृषणात दुखणे किंवा सूज. अचानक तीव्र कळ आली तर काही तासही थांबू नका, वृषणाला पीळ पडलेला असू शकतो
• वर्षभर प्रयत्न करूनही मूल राहत नसेल तर

लघवी आणि रक्तातील साखरेची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गुप्तरोगासाठी जिल्हा रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये सल्ला आणि औषधे मोफत मिळतात, तुमची माहिती गुप्त ठेवली जाते. भिंतीवर जाहिरात करणाऱ्या "गुप्तरोगतज्ज्ञा"कडे जाण्याआधी तिथे जा. सांगायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, तेवढेही आम्हाला पुरते.