घाट चढण्याआधीचं पाणी

खोपोली आणि कर्जत ही दोन्ही गावं बोरघाटाच्या पायथ्याची. त्यांचा इतिहास सांगताना आपण पेशव्यांचा मार्ग, इंग्रजांचा रस्ता, मग रेल्वे आणि शेवटी एक्सप्रेस वे असा क्रम लावतो. हा क्रम बरोबरच आहे, पण हाच इतिहास आणखी एका साध्या प्रश्नातून सांगता येतो. घाट चढण्याआधी पाणी कुठं मिळायचं? हा प्रश्न बैलाला होता, वाफेच्या इंजिनाला होता आणि माझ्या लहानपणापर्यंत मोटारीलाही होता. आज तो जवळजवळ मिटला आहे. मात्र मिटताना त्यानं एक वेगळा प्रश्न मागे ठेवला आहे आणि त्यासाठीच हा लेख.

खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि त्याच्या काठचं महादेवाचं मंदिर आजही आहे. हा तलाव इथंच का, याचं उत्तर समोरच्या डोंगराकडे पाहिलं की मिळतं. कोकणातून देशावर जाणाऱ्या बैलांच्या तांड्याला चढ सुरू होण्याआधी पाणी पाजावं लागे. 1830 मध्ये घाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला, तरी थांबा तोच राहिला.

मग रेल्वे आली. बोरघाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1863 मध्ये गाडी घाट चढू लागली. 37 फुटांमागे 1 फूट असा तो चढ. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात ती याच चढामुळे, आणि ती आजही लागतात. वाफेचं इंजिन पाण्यावरच चालायचं. पाणी उकळायचं, वाफेनं चाकं फिरवायची आणि वाफ हवेत सोडून द्यायची, म्हणजे पुन्हा पाणी भरणं आलंच. 1929-30 च्या सुमारास या मार्गावर विजेची इंजिनं आली, ज्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत. तेव्हा रेल्वेची ही तहान संपली. वीज मात्र आपल्या भागाला त्याआधीच पाण्यानं दिली होती. टाटांचं खोपोलीचं वीजघर 1915 मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून मोठ्या नळांतून खाली येतं, चक्रं फिरवतं आणि पाताळगंगेत सोडलं जातं. भर उन्हाळ्यात पाताळगंगा वाहताना दिसते ती या पाण्यामुळे.

आता मोटारीकडे येऊ. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा इंजिन थंड ठेवण्यात बाहेर टाकावा लागतो. सुरुवातीच्या मोटारींत पाणी नुसतं उकळून उडून जायचं आणि वारंवार भरावं लागायचं. 1901 च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जायची, भोवतीचं पाणी थंड व्हायचं आणि तेच पाणी पुन्हा इंजिनात फिरायचं. आजच्या गाडीचं तत्त्वही हेच आहे.

पण हे तत्त्व बोरघाटात कमी पडायचं. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये, इंजिन जोरात आणि वेग कमी. म्हणजे उष्णता जास्त आणि रेडिएटरमधून जाणारी हवा कमी. त्यात उंचीवर पाणी लवकर उकळतं. लोणावळ्याच्या उंचीवर ते 98 अंशांच्या आसपासच उकळू लागतं. माझे मामू मुंबई-पुणे टॅक्सी चालवायचे, फियाट. ते सांगत की डिकीत पाण्याचा पत्र्याचा डबा नसेल तर खोपोलीच्या पुढे गाडी घालायचीच नाही. गाडी उकळली की बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि थांबायचं. घाई करून झाकण उघडणाऱ्यांचे हात भाजलेले त्यांनी पाहिले होते. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर बिडाचा ब्लॉक तडकतो, म्हणून इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओतायचं. जुन्या रस्त्यावरच्या शिंग्रोबाच्या देवळापाशी गाड्या थांबत. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर कुठल्याही धर्माचा असो, तिथं नाणं टाकून पुढे जायचा. मामूही टाकायचे.

मला महत्त्वाची वाटते ती याच्या भोवतीची रीत. रस्त्याकडेच्या कुठल्याही घरी, हॉटेलात, मशिदीच्या हौदावर किंवा देवळाच्या विहिरीवर डबा घेऊन गेलं आणि ‘गाडीला पाणी पाहिजे’ म्हटलं की मिळायचं. नाव कुणी विचारत नसे. आपल्याकडे पाणपोई आहे, सबील आहे. दोन्हींमागचा विचार एकच, की वाटसरूला पाणी नाकारायचं नाही. ती रीत माणसांसाठी होती, पण घाटानं ती मोटारीलाही लागू केली.

या पाण्याची एक किंमत होती. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ते रेडिएटरच्या नळ्यांत चिकटत, लोखंड गंजत असे आणि आतलं पाणी चहासारखं लाल होई. म्हणून उन्हाळ्याआधी मामू अंगणात गाडी लावून खालचा नळ सोडत, बागेच्या पाइपनं रेडिएटर धुऊन काढत आणि नवं पाणी भरत. फारच चोंदला तर रेडिएटरवाल्याकडे. तो वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवायचा आणि पुन्हा झाळून द्यायचा.

यावरचा रासायनिक उपाय फार जुना आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अदोल्फ वुर्त्झ यांनी 1856 मध्ये इथिलीन ग्लायकोल तयार केलं, म्हणजे बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं त्याच वर्षी. पुढे थंड देशांत गाडीतलं पाणी गोठू नये म्हणून ते वापरात आलं. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही. पण ग्लायकोल आणि पाणी निम्मं-निम्मं केलं, वर दाब धरणारं झाकण बसवलं, तर उकळण्याची पातळी सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. त्यात मिसळलेली रसायनं गंजही रोखतात. 1983 मध्ये मारुती 800 आली, तशा नव्या बनावटीच्या गाड्या घरोघर झाल्या आणि कूलंट हा शब्द आपल्या बोलण्यात आला. विजेचा पंखा, बाजूची प्लॅस्टिकची टाकी, बंद प्रणाली. 2002 मध्ये एक्सप्रेस वे पूर्ण झाला आणि खालापूरच्या टोलनाक्यावरून निघालेली गाडी न थांबता वर जाऊ लागली. डबा घेऊन पाणी मागणारा ड्रायव्हर दिसेनासा झाला.

गाडी धुऊन भरण्याचं काम आजही घरी करता येतं आणि अनेकजण करतात. पद्धत थोडक्यात सांगतो. इंजिन पूर्ण थंड असावं, शक्यतो सकाळी. गाडी सपाट जागी लावावी आणि हीटर असेल तर तो गरमवर ठेवावा. खाली रुंद टब ठेवून रेडिएटरचा ड्रेन किंवा खालचा होज पाइप सोडावा. सगळं निघालं की ड्रेन बंद करून बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी भरावं. इंजिन चालू करून वरचा होज गरम होईपर्यंत थांबावं, कारण थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय इंजिनातलं पाणी फिरत नाही. मग पुन्हा थंड होऊ द्यावं आणि सोडावं. स्वच्छ पाणी येईपर्यंत असं दोन-तीनदा करावं. शेवटी इंजिनात थोडं पाणी उरतंच, म्हणून घट्ट कूलंट घेतलं असेल तर गाडीच्या एकूण क्षमतेच्या निम्मं आधी ओतावं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्यानं भरावी. लहान गाडीची क्षमता साधारण चार-पाच लिटर असते. ज्या गाडीत झाकण रेडिएटरवर आहे, तिथं ते उघडं ठेवूनच इंजिन चालू करावं, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. कूलंटच्या रंगावर विसंबू नये. पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच वापरावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत.

आता टबमध्ये जे उरलं त्याचं काय करायचं? मामूंच्या टबमधलं लाल पाणी अंगणात जिरायचं आणि कुणाचं काही बिघडत नसे. आजच्या टबमधलं पाणी हिरवं किंवा गुलाबी असतं, चवीला गोड असतं आणि विषारी असतं. ते पोटात गेलं की शरीर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनवतं, त्याचे खडे मूत्रपिंडात साठतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. गोड चवीमुळे कुत्रं, मांजर किंवा बकरी ते चाटते आणि थोड्याशा प्रमाणातही मरते. लहान मुलालाही तोच धोका. खोपोलीत गटारात ओतलेलं शेवटी पाताळगंगेकडे जातं, कर्जतमध्ये उल्हासकडे. दोन्ही नद्यांवर खालच्या कितीतरी गावांच्या पाणीयोजना आहेत.

आपल्या वाडवडिलांनी ओळख न विचारता परक्याच्या गाडीला पाणी दिलं. आता आपल्या गाडीला कुणाचं पाणी लागत नाही. पण ज्यांनी कधी दिलं, त्यांच्याच नातवंडांच्या विहिरीत आणि नळात आपला टब पोचू शकतो. म्हणून जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरावं, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहावं, पाण्याच्या बाटलीत चुकूनही ठेवू नये. ते इंजिन ऑइलमध्ये न मिसळता, वापरलेलं कूलंट वेगळं गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यावं. धुताना निघालेलं पहिलं पाणीही त्याच कॅनमध्ये. सांडलंच तर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्यावं आणि ती जागा धुवायच्या आधी दारातली मांजरं आत घ्यावीत.