जोडबेसिनपुढचे आरसे आणि दिवे

शयनगृहाला जोडून असलेल्या न्हाणीघरात एकाच ओट्यावर दोन बेसिन बसविण्याची पद्धत मोठ्या सदनिकांत आणि बंगल्यांत आता चांगलीच रुळली आहे. सकाळी एकाच सुमारास घराबाहेर पडणाऱ्या दोघांनी एकमेकांसाठी खोळंबून राहू नये, हा त्यामागचा हेतू. मात्र बेसिन, नळ आणि ग्रॅनाइट यांच्या निवडीसाठी चार-चार रविवार खर्ची घालणारे कुटुंब आरसा आणि दिवा या दोन गोष्टी अगदी शेवटी, टाइल्स लागून गेल्यावर, काचवाल्यावर आणि वायरमनवर सोपवून मोकळे होते. मग व्हायचे तेच होते. भिंतभर एक आरसा लागतो, त्याच्या माथ्यावर मधोमध एक दिवा येतो, आणि डावीकडे उभ्या राहणाऱ्याचा डावा गाल व उजवीकडे उभ्या राहणाऱ्याचा उजवा गाल कायमचा अंधारात जातो.

या चुकीच्या मुळाशी एक गैरसमज आहे. दिवा आरशासाठी असतो, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः आरशाला प्रकाशाची गरज नसते. आरशासमोर उभ्या असलेल्या चेहऱ्याला ती असते. चेहऱ्यावर जेवढा आणि जसा प्रकाश पडेल, तेवढाच आणि तसाच चेहरा आरशात दिसतो. फॉल्स सीलिंगमध्ये डोक्यावर बसविलेले दिवे ओटा लखलखीत करतात, परंतु भुवया, नाक आणि हनुवटी यांच्याखाली गडद सावल्या पाडतात. दाढी करणाऱ्याला नेमका जबड्याखालचा भाग दिसत नाही आणि डोळ्यांखालची वर्तुळे आहेत त्याहून दुप्पट काळी भासतात. नाटकाच्या रंगपटात आरशाच्या दोन्ही बाजूंनी दिवे लावण्याची रीत पूर्वापार आहे, ती शोभेसाठी नव्हे. दोन्हीकडून समोरून येणारा प्रकाश एकमेकांच्या सावल्या पुसून टाकतो, हे रंगभूषाकारांना वास्तुरचनाकारांच्या आधीपासून ठाऊक आहे.

प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. वयाच्या साठीला डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुली लहान होते आणि दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. याच बेसिनपाशी घरातील ज्येष्ठ मंडळी डोळ्यांत थेंब घालतात, कवळी धुतात, औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचू पाहतात. डोळ्यांतील पांढऱ्या भागावर आलेली पिवळी झाक हे काविळीचे लक्षण असते. पिवळ्या दिव्याखाली ती सहज निसटून जाते.

दिवे दोन्ही बाजूंना हवेत असे एकदा ठरले, की एक आरसा की दोन, या प्रश्नाचे उत्तरही बव्हंशी मिळून जाते. सलग आरशाने लहान खोली मोठी भासते, हे खरे. पण त्यावर बाजूचे दिवे बसवायचे तर काचेला भोके पाडावी लागतात आणि तेथून ती तडकण्याची भीती राहते. शिवाय ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. सहा फूट रुंद व तीन फूट उंच आरसा म्हणजे एकवीस किलोंची काच. ती जिन्यातून वर नेताना, चिकटविताना आणि पुढे एखाद्या कोपऱ्याला डाग पडल्यावर सगळीच्या सगळी उतरविताना होणारा त्रास ज्यांनी पाहिला आहे, ते दुसऱ्या खेपेस दोन सुटे आरसेच घेतात. दोन फूट रुंद आणि ३४ इंच उंच आरशाचे वजन सात किलोंच्याही आत राहते.

सहा फुटांच्या ओट्यासाठी मांडणीचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक बेसिनचा मध्य ओट्याच्या जवळच्या टोकापासून १८ इंचांवर धरला, तर दोन बेसिनांच्या मध्यांत ३६ इंच अंतर राहते आणि दोन माणसांची कोपरे एकमेकांना लागत नाहीत. प्रत्येक बेसिनच्या मध्यावर २४ इंच रुंदीचा आरसा लावला, की दोन आरशांमध्ये १२ इंचांची आणि दोन्ही टोकांना सहा-सहा इंचांची पट्टी मोकळी उरते. या तीन पट्ट्यांत तीन उभे दिवे बसतात. मधला दिवा दोघांच्याही कामी येतो. ओटा पाच फुटांचा असेल तर आरसे २० इंचांचे घ्यावेत. दिव्यांच्या पट्ट्या थोड्या अरुंद होतात, पण मांडणी तीच राहते. पाच फुटांहून कमी जागेत दोन बेसिन बसविण्याचा अट्टहास न केलेला बरा. तेथे एकच मोठे बेसिन आणि त्यावर दोन नळ, ही सोय अधिक शहाणपणाची ठरते.

आरशाची उंची ठरविताना काचवाले बहुधा घरमालकाच्या चेहऱ्याकडे पाहतात. पण जोडबेसिन ज्या दोघांसाठी असते, त्यांच्या उंचीत पाच-सहा इंचांचा फरक असणे नेहमीचेच. यात भौतिकशास्त्राचा एक साधा नियम मदतीला येतो. समोरच्या सपाट आरशात माणसाला स्वतःच्या शरीराचा एखादा भाग दिसण्यासाठी आरसा डोळ्यांची उंची आणि त्या भागाची उंची यांच्या बरोबर मध्यापर्यंत असावा लागतो. माणूस जवळ उभा आहे की लांब, याने फरक पडत नाही. सहा फूट उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे ६८ इंचांवर असतात. त्याला डोक्याचे केस दिसण्यासाठी आरशाची वरची कड ७० इंचांवर पुरते. ७२ इंच धरली की बहुतेक सर्वांची सोय होते. खालची कड ३८ इंचांवर घेतली, तर चार फुटांचे मूलही चौरंगावर न चढता दात घासताना स्वतःला पाहू शकते. ओटा साधारण ३३ इंचांवर असतो, म्हणजे ओटा आणि आरसा यांच्यात पाच इंच टाइल्स उरतात. नळाचे शिंतोडे बहुतांशी याच पट्टीवर अडतात.

उभा दिवा दोन फूट लांबीचा घ्यावा आणि त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे ६२ इंचांवर यावा. तो मग ५० ते ७४ इंचांपर्यंत पसरतो आणि ठेंगण्या व उंच अशा दोघांच्याही डोळ्यांची पातळी त्यात सामावते. गोल बल्ब एकाच बिंदूतून प्रकाश देतो. तो एकाच्या डोळ्यांसमोर आला तर दुसऱ्याच्या कपाळावर येतो. दोन फुटांच्या, दहा वॅटच्या एलईडी नळीतून सुमारे एक हजार ल्युमेन प्रकाश मिळतो आणि अशा दोन नळ्या एका चेहऱ्याला पुरेशा होतात. दिव्यावर दुधी आवरण मात्र असलेच पाहिजे, नाहीतर उघड्या एलईडीच्या ठिपक्यांनी डोळे दिपतात.

प्रकाशाच्या रंगाबाबत दुकानात बराच गोंधळ असतो. खोक्यावर तीन आकडे आढळतात. ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश ‘वॉर्म व्हाइट’, ४००० केल्विनचा ‘नॅचरल व्हाइट’ आणि ६५०० केल्विनचा निळसर पांढरा ‘कूल डेलाइट’. ट्यूबलाइटच्या सवयीमुळे आपल्याकडे ६५०० केल्विन सर्रास घेतला जातो. त्यात गव्हाळ व सावळी कांती राखट दिसते. ३००० केल्विन हॉटेलात शोभतो, पण त्यात लावलेली कुंकवाची किंवा लिपस्टिकची छटा बाहेर उन्हात गेल्यावर निराळीच निघते. बेसिनपाशी ४००० केल्विन हा मध्यममार्ग बरा. त्याहून महत्त्वाचा, पण क्वचितच विचारला जाणारा आकडा म्हणजे सीआरआय. वस्तूचे रंग किती खरे दिसतात, याचा हा शंभरापैकी गुणांक. साध्या दिव्यांचा तो ८०च्या आसपास असतो. आरशापाशी ९० किंवा अधिक सीआरआय असलेला दिवा मागून घ्यावा. तिन्ही दिवे एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत, कारण एकाच आकड्याच्या दोन दिव्यांतही रंगाचा फरक पडतो आणि चेहऱ्यावर तो लगेच कळतो.

बाजूला पट्टी ठेवण्याइतकी जागाच नसेल, तर प्रत्येक आरशाच्या वर, आरशाच्याच रुंदीचा आडवा दिवा लावावा आणि तो भिंतीपासून किमान सहा इंच पुढे यावा. अशा वेळी ओट्याचा रंग कामाला येतो. काळा ग्रॅनाइट डाग लपवितो म्हणून लोकप्रिय आहे, पण तो प्रकाशही गिळतो. फिक्या रंगाचा ओटा वरून आलेला प्रकाश परतवून हनुवटीखाली पोहोचवितो. दिव्याचे निम्मे काम तोच करतो म्हटले तरी चालेल.

सध्या मागणी असलेले दिव्यांचे आरसे दोन प्रकारचे मिळतात. काचेच्या मागून प्रकाश बाहेर फाकणारा आरसा दिसतो देखणा, परंतु तो भिंत उजळतो, चेहरा नव्हे. काचेवरच्या खरवडलेल्या पट्टीतून समोर प्रकाश फेकणारा आरसा उपयोगाचा असतो. घेताना एक गोष्ट अवश्य विचारावी: आतला ड्रायव्हर बिघडला तर तो सुटा बदलता येतो की सगळा आरसाच उतरवावा लागतो? काचेवर वाफ धरू नये म्हणून मागे तापणारी चकती असलेले आरसेही मिळतात. बादलीभर गरम पाण्याने स्नान करणाऱ्या घरात त्यांची गरज भासत नाही. बंद खोलीत गरम पाण्याचा शॉवर चालतो तेथे ते उपयोगी पडतात. वाफ काढून टाकणारा एक्झॉस्ट पंखा मात्र दोन्ही घरांत हवा.

‘आरशाचा पारा उडाला’ असे आपण आजही म्हणतो. जुन्या आरशांमागे कथिल आणि पारा यांचे मिश्रण खरोखरच असे. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर चढविण्याची रासायनिक पद्धत शोधली आणि पुढे पारा हद्दपार झाला. भाषेत तो राहिला. आजचा आरसा काळवंडतो तो चांदीचा थर गंजल्यामुळे, आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा खालच्या कडेपासून होते, कारण ओघळलेले पाणी तेथेच साचते. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत तर पावसाळ्याचे चार महिने ही कड ओलीच राहते. म्हणून आरशाच्या कडा पॉलिश करून त्यांवर संरक्षक लेप देऊन घ्यावा. आरसा भिंतीला सपाट न चिकटविता मागे दोन-तीन मिलिमीटर हवा खेळेल अशी फट ठेवावी आणि खालची कड ओट्यावर टेकवू नये. चिकटविण्यासाठी कोणते सिलिकोन वापरले जात आहे, हे घरमालकाने स्वतः पाहावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे स्वस्त सिलिकोन सुकताना आम्ल सोडते आणि ते चांदी खाते. ‘न्यूट्रल’ असे लिहिलेली नळीच आरशासाठी वापरावी. मागील बाजूस सुरक्षा फिल्म लावलेला आरसा थोडा महाग पडतो, पण फुटला तरी त्याचे तुकडे अनवाणी पायांखाली विखुरत नाहीत.

टाइल्स घासण्यासाठी वापरले जाणारे ॲसिड हा आरशाचा आणखी एक छुपा शत्रू. त्याच्या वाफाच कडेतून आत शिरतात. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने जातात. मात्र ते कपड्यावर घेऊन पुसावे, काचेवर फवारू नये, आणि लगेच कोरड्या कपड्याने कडा टिपून घ्याव्यात.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. ओल्या हातांनी आणि ओल्या फरशीवर उभे राहून हे दिवे लावले जातात. न्हाणीघराच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा, अर्थिंग तपासून घेतलेले असावे आणि बेसिनजवळचे दिवे किमान आयपी ४४ दर्जाचे असावेत. यातील दुसरा ४ हा आकडा कोणत्याही दिशेने उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण दर्शवितो. बटणे दाराबाहेर किंवा बेसिनपासून दूर कोरड्या भिंतीवर घ्यावीत. दोन आरशांच्या दिव्यांना आणि छताच्या दिव्याला वेगवेगळी बटणे ठेवली, तर पहाटे लवकर उठणाऱ्याला सगळी खोली उजळावी लागत नाही. केस वाळविण्याच्या यंत्रासाठी प्लग हवा असेल, तर तो नळापासून किमान दोन फूट लांब असावा.

आरसा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर असावा, असे वास्तुशास्त्र सांगणारे म्हणतात. सदनिकेत बेसिनची भिंत बहुधा सांडपाण्याच्या नळाने आधीच ठरविलेली असते, त्यामुळे या वादात शिरण्याची वेळ फारशी येत नाही. खिडकीचा विचार मात्र करावा. बेसिनच्या बाजूच्या भिंतीत खिडकी असेल तर दिवसा दिव्याची गरजही कमी होते. पाठीमागे असेल तर आरशात मागचा उजेड झळकतो आणि चेहरा काळवंडलेला दिसतो. अशा खिडकीला दुधी काच लावून घ्यावी.

हे सारे टाइल्स लागण्यापूर्वी ठरले पाहिजे, कारण दिव्यांचे तिन्ही पॉइंट भिंतीच्या आत जातात. प्लास्टर झाल्यावर भिंतीवर खडूने दोन्ही आरशांच्या चौकटी आखाव्यात आणि दोघांनीही आपापल्या बेसिनच्या जागी उभे राहून पाहावे. वायरला लावलेली एक नळी दोघांनी आळीपाळीने हातात धरली आणि एकाने दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, की दिवा चार इंच वर हवा की खाली, हे पाच मिनिटांत कळते. खडूची रेघ पुसता येते. टाइल फोडून वायर हलवायची तर गवंडी, वायरमन आणि त्याच रंगाची टाइल शोधणारा घरमालक, अशा तिघांचा आठवडा जातो.