शर्मिला रेगे : वर्गातली जात वाचणाऱ्या प्राध्यापक

शर्मिला रेगे (७ ऑक्टोबर १९६४ – १३ जुलै २०१३) या समाजशास्त्रज्ञ होत्या. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. दलित स्त्रीवादावरील लेखनामुळे त्यांचे नाव आपल्याकडे परिचित आहे. शिक्षिका म्हणून त्यांनी केलेली मांडणी मात्र कमी वाचली जाते.

ही मांडणी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील त्यांच्या २०१० च्या लेखात आहे. लेखाच्या शीर्षकात त्यांनी महात्मा फुले यांच्या 'तृतीय रत्न' (१८५५) या नाटकाचे नाव घेतले. (रत्न म्हटले की आपल्याला त्रिरत्न आठवते, इथे रत्न म्हणजे विद्या, अन्याय दाखवणारा तिसरा डोळा.) नाटकात जोशी एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. शेवटी ते जोडपे फुल्यांच्या रात्रशाळेत जायचे ठरवते. म्हणजे शिकायचे ते नोकरीपुरते नाही, आपल्याला कोण आणि कसे फसवते हे कळण्यासाठी. या धाग्यावरून रेगे यांनी 'फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापन' मांडले.

मंडलनंतर घरातली पहिलीच पिढी उच्च शिक्षणात आली आणि 'दर्जा घसरला' अशी ओरड सुरू झाली. रेगे यांनी प्रश्नाचे तोंड फिरवले. विद्यार्थी कमी पडतो, की अभ्यासक्रम, भाषा आणि शिकवणाऱ्याच्या सवयी? इंग्रजी येत नाही म्हणजे विचार करता येत नाही, हे वर्गात न बोलता धरून चालले जाते. वसतिगृहांतील मुलींसोबत काम करताना मला हे आजही दिसते. खोलीत तावातावाने वाद घालणारी मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, आणि शिक्षक तिला 'शांत स्वभावाची' म्हणतात.

कोणाचे ज्ञान अभ्यासाला लावायचे, याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या संशोधनात सापडते. २००६ च्या 'रायटिंग कास्ट/रायटिंग जेंडर' या पुस्तकात बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, उर्मिला पवार आदींच्या आत्मकथनांना त्यांनी समाजशास्त्राचा ऐवज मानले. चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका आणि भीमगीते यांचाही त्यांनी गंभीरपणे अभ्यास केला. ज्या गर्दीला 'अंधभक्ती' म्हणून हिणवले जाते, तिथे त्यांना वाचणारा, गाणारा, वाद घालणारा समाज दिसला.

दलितेतर स्त्रियांनाही दलित स्त्रीवादी भूमिका घेता येईल, मात्र त्यासाठी स्वतःला बदलावे लागेल, असे त्यांनी १९९८ साली लिहिले. त्यावर वाद झाला. आपल्या वतीने कोण बोलणार, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण त्यांनी बदलाची अट आधी शिक्षकावर घातली, विद्यार्थ्यावर नाही, हेही नोंदवले पाहिजे.

ब्राह्मणी पितृसत्तेवरील बाबासाहेबांच्या लेखनाचे त्यांनी संपादित केलेले 'अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू' हे पुस्तक त्यांच्या निधनाच्याच वर्षी, २०१३ साली, नवयान प्रकाशनाने काढले.