उद्घाटनाच्या फोटोत कापलेली मावशी

गेल्या महिन्यात मंगळवारच्या बाजारात भाजी घेत होतो. तिथं नेहमी बसणारी एक मावशी म्हणाली, "दादा, तुम्ही इतकी वर्षं पेपरसाठी फोटो काढताय. त्यात मी कुठंतरी आसंलच की. बघा ना जरा."

कारण असं. बाजाराची जागा हलवायची चर्चा सुरू आहे. एका कार्यालयानं तिला विचारलं, तुम्ही इथं किती वर्षांपासून बसता, पुरावा काय? तिच्याकडे पुरावा म्हणजे गुडघेदुखी. पावत्या मिळायच्या, त्या पावसात गेल्या.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. दर पाच वर्षांतून निदान एकदा सर्वेक्षण करायचं आणि ते पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण कायदा पुस्तकात असतो, आणि पुरावा मागतात तो पाटीवाल्या बाईकडे.

घरी येऊन जुन्या सीडी, हार्ड डिस्क सगळं काढलं. तीन रात्री बसलो. वीस वर्षांचे फोटो. फीत कापणं, नारळ फोडणं, सत्कार, निवेदन देणं, परत सत्कार. बाजाराचा असा एकही नाही. रोज ज्या रस्त्यानं गेलो, त्याचाच फोटो माझ्याकडे नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा घेतलेल्या माणसाला याची लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

त्या रात्री मला पॅरिसचा अत्जे आठवला. डिप्लोमाला असताना सरांनी त्याचे फोटो दाखवले होते आणि आम्ही मागच्या बाकावर जांभया देत होतो. रिकाम्या गल्ल्या, दुकानाच्या पाट्या, जिने. म्हटलं, यात आहे काय?

युजीन अत्जे, जन्म १८५७. आधी जहाजावर, मग नाटकात नट. दोन्हीकडे जमलं नाही म्हणून कॅमेरा घेतला. त्याच्याआधी सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या काळात ओसमान नावाच्या अधिकाऱ्यानं जुन्या पॅरिसवर कुदळ चालवून रुंद रस्ते काढले होते. जे उरलं तेही जाणार, हे दिसत होतं. अत्जे लाकडी कॅमेरा, तिपाई आणि जड काचेच्या प्लेटा खांद्यावर घेऊन सकाळी निघायचा आणि ते उरलेलं टिपायचा. १९०० च्या आसपास त्यानं रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची मालिकाच केली. दिव्याच्या शेड विकणारा, पेटीवाला, चिंध्या गोळा करणारा. म्हणजे आपल्या बाजारातली माणसंच की!

तो स्वतःला कलावंत म्हणवत नव्हता. चित्रकारांना, ग्रंथालयांना, संग्रहालयांना 'कागदपत्रं' म्हणून फोटो विकायचा. १९२० मध्ये त्यानं सुमारे २६०० निगेटिव्ह फ्रान्स सरकारला विकल्या. १९२७ मध्ये वारला, तेव्हा फारसं कुणाला माहीत नव्हता. बेरेनीस ॲबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकार बाईनं त्याच्या घरात उरलेला साठा विकत घेऊन वाचवला. १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेला. आज जुनं पॅरिस कसं होतं हे बघायचं तर त्याच्याकडेच जावं लागतं.

लांब कशाला, आपल्या मुंबईचंच घ्या. होमाई व्यारावाला, देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. नंतर दिल्लीत नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा असं सगळं टिपलं. पण सुरुवात कुठून? जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना बायकांच्या एका क्लबची सहल निघाली, तिच्या फोटोंपासून. ते 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये छापून आले. १९३० च्या दशकातल्या मुंबईच्या मुली कशा हसायच्या, कशा बसायच्या, हे आज त्यांच्या फोटोंमुळे कळतं.

आमच्या पिढीची एक अडचण होती. मी कामाला लागलो तेव्हा रोल होता. ३६ फोटो, त्यात तीन कार्यक्रम बसवायचे. धुण्याचा खर्च वेगळा. टोपलीतल्या वांग्यांवर फ्रेम घालवली असती तर संपादकांनी मलाच धुतलं असतं. पण रोल जाऊनही कितीतरी वर्षं झाली. खिशात फोन आहे, खर्च शून्य. तरी मी फोटो नेत्याचाच काढत राहिलो. सवय, दुसरं काय.

तर तिसऱ्या रात्री मावशी सापडली. २०११, हायमास्ट दिव्याचं उद्घाटन. नेत्याच्या खांद्यामागं, हातात तराजू, पुढं मेथीच्या जुड्या. छापलेल्या अंकात मात्र ती नाही. कारण 'मागची गर्दी नको' म्हणून मीच तिला कापलं होतं. मूळ फाइल सीडीत राहिली म्हणून ती वाचली.

त्या फोटोची प्रत तिनं अर्जाला जोडलीय. निर्णय अजून आलेला नाही. फोटो बघून ती एवढंच म्हणाली, "तवा दात होतं की मला."

तेव्हापासून मी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी आठला, बाजाराच्या एकाच कोपऱ्यावरून फोटो काढतो. ऊन तिरकं असतं, चेहरे नीट येतात. एक फोटो लांबून, दुकानाची पाटी किंवा पिंपळ दिसेल असा, म्हणजे जागा ओळखता येते. मग जवळ जाऊन, विचारून, माणसाचा आणि त्याच्या हातातल्या कामाचा. घरी आल्यावर तारीख, जागा, नाव वहीत लिहितो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि आतली तारीखही जाते, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवतो.

मित्रांनो, तुम्हीही करा. एसटी स्टँड, पाणवठा, पिठाची गिरणी, शाळेचा कट्टा, जे रोज दिसतं तेच. आणि घरातल्या जुन्या अल्बममध्ये लग्नाची वरात बाजारातून गेलेली असेल, तर नवरदेवाच्या मागं कोण बसलंय ते जरा बघा. कुणी ओळखीचं निघालं तर त्यांना फोटो नेऊन द्या. कदाचित त्यांना आत्ताच त्याची गरज असेल.