तप्त घडाई (पोलादाची)
पोलाद तापवून, ते मऊ असतानाच ठोकून वा दाबून आकार देण्याची क्रिया. डहाणू–तलासरी भागात लागणारे कोयते आणि भातकापणीचे विळे लोहार याच रीतीने घडवतात. ट्रकचा जुना पाटा त्यासाठी उत्तम माल. त्यात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो. 727° से.च्या वर पोलादाची स्फटिकरचना बदलून ऑस्टेनाइट तयार होऊ लागते आणि धातू सहज वाकतो. घणाखाली चेपलेल्या कणांच्या जागी लगेच नवे, बारीक कण तयार होतात. म्हणून तापलेले पोलाद ठोकून कडक होत नाही. पाटा नारिंगी-पिवळा असताना मोठे घाव घालतात. लाली मंदावली की तो पुन्हा भट्टीत जातो, नाहीतर कडांना भेगा पडतात. पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या, तर कणांच्या सीमा जळलेल्या असतात. असा तुकडा कितीही ठोकला तरी सुधारत नाही. रंग ओळखणारी नजर हीच इथली खरी विद्या. गंधक जास्त असल्यास कणांच्या सीमांवरील लोह सल्फाइड वितळून पोलाद तापलेले असतानाच तुटते. मँगॅनीज हा दोष टाळते. पुण्यात 1961 साली स्थापन झालेल्या भारत फोर्जमध्ये वाहनांचे क्रँकशाफ्टही याच तत्त्वावर साच्यांत घडवले जातात.