रान हरवलेली फ्रँकलिनिया

१/३
ऑक्टोबर १७६५. अमेरिकेतील जॉर्जियात अल्टामाहा नदीकाठी वनस्पतिसंग्राहक जॉन बार्ट्रम व त्यांचे पुत्र विल्यम यांना एक अनोळखी झुडूप आढळले. पुढे विल्यम यांनी तिथले बी आणून फिलाडेल्फियाजवळच्या आपल्या बागेत रुजवले. शुभ्र, सुगंधी फुलांच्या, चहाच्या कुळातील या वनस्पतीला स्नेही बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव मिळाले.

२/३
नदीकाठच्या त्या लहानशा पट्ट्याखेरीज ती रानात अन्यत्र कुठेही सापडली नाही. १८०३ नंतर तर तिथेही ती दिसल्याची खात्रीशीर नोंद नाही.

३/३
आज जगभरच्या उद्यानांतील फ्रँकलिनिया बार्ट्रम यांच्याच बियांची संतती मानली जाते. वंश टिकला, परंतु रानातून ती का नाहीशी झाली, यावर अभ्यासकांचे अजूनही एकमत नाही.